काळ्या मातीतील बिळांचे अर्थकारण

सोयाबीनची मळणी आटोपली, कापसाची पहिली वेचणी घरात आली आणि हरभऱ्याच्या पेरणीस हात लागला, की मानवतच्या बाजारपेठेत, आडतीवर आणि चहाच्या टपरीवर एक तक्रार हटकून कानी पडू लागते : "औंदा उंदीर लई झालेत." तक्रार खोटी नसते. पेरलेला दाणा उकरून नेलेला असतो, ज्वारीचे ताट बुडापासून कुरतडून आडवे केलेले असते, कपाशीचे बोंड फोडून त्यातील सरकी तेवढी खाल्लेली असते आणि पोकळ कापूस जमिनीवर विखुरलेला असतो. नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. ज्या शेतकऱ्यास ज्वारीच्या कणसाकडे पाहून वाण सांगता येतो, सोयाबीनच्या जाती ज्याला क्रमांकांनिशी पाठ असतात, तोच शेतकरी आपल्या धान्यातील या न सांगता आलेल्या भागीदाराविषयी मात्र 'उंदीर' या एका शब्दापलीकडे जात नाही. शासकीय परिपत्रकेही जात नाहीत. आमच्या अर्थशास्त्रात 'ग्राहक' नावाचा एक प्राणी आहे. तो कोणत्याही गावात राहत नाही, त्याला जात नाही, कर्ज नाही, आजारपण नाही. पाठ्यपुस्तकातील हा ग्राहक आणि परिपत्रकातील उंदीर हे दोघेही एकाच कुळातले दिसतात.

वस्तुस्थिती अशी, की ज्याला आपण सरसकट उंदीर म्हणतो तो एक प्राणी नसून अनेक प्राण्यांचा समूह आहे. त्यांची घरे निराळी, खाणे निराळे आणि पिकाचे नुकसान करण्याची रीतही निराळी. हा भेद न ओळखता केलेला खर्च, मग तो शेतकऱ्याच्या खिशातून झालेला असो की सरकारी तिजोरीतून, बहुतांशी वाया जातो. प्रस्तुत लेखाचा मुद्दा एवढाच आहे.

प्राणिशास्त्रात ज्यांना कृंतक म्हणतात त्या कुरतडणाऱ्या प्राण्यांचा गण हा सस्तन प्राण्यांतील सर्वांत मोठा गण होय. पृथ्वीवरील सस्तन प्राण्यांच्या एकूण जातींपैकी जवळजवळ चाळीस टक्के जाती या एकाच गणात मोडतात. भारतात त्यांची संख्या शंभराच्या आसपास आहे. वर दोन आणि खाली दोन असे चार पटाशीचे दात, जन्मभर वाढत राहणारे, ही या गणाची खूण. दाताच्या पुढच्या अंगास कठीण लुकण असते, मागचे अंग मऊ असते. त्यामुळे घासताना मागची बाजू अधिक झिजते आणि दाताला सुताराच्या पटाशीसारखी धार आपोआप येत राहते. उंदीर कपाटातील कागद कुरतडतो तो आपल्या द्वेषाने नव्हे. दात झिजले नाहीत तर ते वाढून तोंड मिटणे अशक्य होईल, ही त्याची अडचण आहे. अंगणातील खार याच गणातली. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेले भीमाशंकरचे शेकरूही यातलेच, आणि भुईमुगाच्या शेतात रात्री शिरणारे काटेरी साळिंदरही यातलेच. उलट चिचुंद्री, जिला आपण नेहमी उंदराच्या पंक्तीस बसवतो, ती या गणातली नाहीच. ती मुख्यतः किडे खाणारी आहे. ससाही यातला नाही. संस्कृतातील 'मूषक' शब्द 'मुष्' म्हणजे चोरणे या धातूपासून आला असे म्हणतात. नाव ठेवणाऱ्याने शेतकऱ्याची बाजू घेतली होती, हे उघड आहे.

काळ्या मातीतील या प्राण्यांची पहिली नीट नोंद कोणी केली हे पाहू गेल्यास आपणास सुमारे दोनशे वर्षे मागे जावे लागते. वॉल्टर इलियट हा कंपनी सरकारचा एक तरुण मुलकी अधिकारी धारवाड भागात नेमणुकीस होता. १८२४ साली कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या सैनिकांनी ज्या इंग्रज अधिकाऱ्यांस कैद केले, त्यांत हाही होता. सुटका झाल्यावर तो त्याच मुलखात राहिला आणि कामकाजातून वेळ काढून तेथील पशुपक्ष्यांचा अभ्यास करीत राहिला. १८३९ साली त्याने 'दक्षिण मराठा मुलखातील' सस्तन प्राण्यांची यादी मद्रासच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्या यादीतील मोठ्या जनावरांचे भाग आज कोणी फारसे वाचीत नाही. उंदरांवरील पाने मात्र आजही वाचावीत अशी आहेत, कारण त्यांत वर्णिलेले शिवार आपलेच आहे : कपाशीची काळी जमीन, ज्वारी, आणि उन्हाळ्यात पडणाऱ्या हातभर खोल भेगा.

इलियटला ही माहिती मिळाली कोठून? पुस्तकांतून नव्हे, कारण तशी पुस्तके नव्हती. ती त्याला दिली वडारांनी. मातीकाम, दगडकाम आणि तलाव खोदण्याचे काम करणारा हा समाज आजही मराठवाड्याच्या गावोगावी आहे. जमीन खोदणाऱ्यास जमिनीखाली कोण राहते हे ठाऊक असावे, यात आश्चर्य नाही. शिवाय ही माहिती त्यांच्या पोटाशी निगडित होती. आपण ज्या प्राण्यांना एका नावात गुंडाळतो, त्यांतील प्रत्येकाला त्यांच्या बोलीत स्वतंत्र नाव होते, आणि हीच नावे इलियटने लिहून घेतली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील जॉन एडवर्ड ग्रे याने १८३७ साली या प्राण्यांना शास्त्रीय नावे दिली, तेव्हा त्याने बोलीतील शब्दांनाच लॅटिन शेपूट जोडले. 'मेत्तडे' या वडारी शब्दाचे 'मेल्टाडा' झाले. कानडी 'कोक'चे 'कोक' असेच राहिले. जगातील कोणत्याही विद्यापीठात आज 'मिलार्डिया मेल्टाडा' हे नाव उच्चारले जाते, तेव्हा उच्चारणारा नकळत एक वडारी शब्द बोलत असतो. ज्यांचा तो शब्द, त्यांची नावे मात्र कोठे नोंदलेली नाहीत.

यांतील कोक म्हणजे आपल्याकडील शेतातील लहान घूस. घराभोवती व उकिरड्याजवळ वावरणारी मोठी घूस निराळी. इंग्रजीत घुशीला बँडिकूट म्हणतात. तो शब्द तेलुगू 'पंदिकोक्कु', म्हणजे डुक्करउंदीर, यावरून गेला. (हिंदीत घूस म्हणजे लाच. कचेरीतील वाचकांनी यावर अधिक विचार करू नये.) ही लहान घूस एकलकोंडी, तापट आणि विलक्षण काटकसरी. एका बिळात बहुधा एकच प्रौढ जनावर, किंवा एक मादी आणि तिची पिले. बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या ताज्या मातीचा ढीग, आत वळणावळणाची भुयारे, निजण्याची खोली वेगळी आणि कोठाराची वेगळी. सुगीत ती कणसेच्या कणसे तोडून आत नेते. इलियटने एकेका बिळातून अर्धा शेर धान्य निघाल्याचे नमूद केले आहे. सुगीच्या दिवसांत वडार कुटुंबे ही बिळे खोदून धान्य काढीत आणि चांगल्या शिवारात जवळजवळ त्यावरच गुजराण करीत, असेही तो लिहितो. शेतकऱ्याच्या दृष्टीने जे चोरीला गेले, ते ज्याच्याकडे शेत नाही अशा माणसाच्या चुलीपर्यंत बिळाच्या वाटेने पोहोचत होते. धान्याच्या वाटपाचा हा मार्ग कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकात नाही. उपासमारीच्या वर्षी तो किती घरांना आधार झाला असेल, याची कल्पनाच करावी लागते.

मेत्तडेचा स्वभाव याच्या अगदी उलट. अंगाने लहान, मऊ केसांचा हा उंदीर पाच-सहांच्या टोळीने राहतो आणि घर बांधण्याची फारशी यातायात करीत नाही. झुडपाच्या बुडाशी उथळसे बीळ, बांधावर टाकलेल्या दगडांचा ढीग, कोकने सोडून दिलेले भुयार किंवा नुसती उन्हाळ्यातील भेग, यांवर त्याचे भागते. कोक हा शिवारातील सावकार म्हणावा, तर मेत्तडे हा भूमिहीन. या निष्काळजीपणाची किंमत तो दरवर्षी मोजतो. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला, की काळी माती फुगते, भेगा मिटतात आणि त्यांत आसरा घेतलेले हजारो उंदीर गाडले जातात. काळ्या मातीने स्वतःच बसविलेला हा वार्षिक लगाम आहे.

मुरमाड, तांबड्या माळावर राहणारी काटेरी केसांची पिटुकली उंदरी हा तिसरा प्रकार. ही आत शिरली की बिळाचे तोंड बारीक खड्यांनी बंद करून घेते. आतही खड्यांचेच अंथरूण. बिळाबाहेर जमविलेल्या खड्यांवरून तिचा पत्ता लागतो. पिकाला तिचा उपद्रव नगण्य. चौथा प्रकार म्हणजे शेपटीच्या टोकाला केसांचा झुबका असलेला, मागच्या लांब पायांवर उड्या मारीत पळणारा माळरानचा उंदीर, ज्याला हिंदीत हिरना मूस म्हणतात. रात्री बैलगाडीच्या वा आता मोटारसायकलच्या उजेडात तो क्षणभर दिसतो आणि नाहीसा होतो. याखेरीज झुडपात गवताचे घरटे करणारे आहेत, झाडाच्या फांद्यांवरच आयुष्य काढणारे लांब शेपटीचे आहेत. सगळ्यांची ओळख येथे करून देण्यास जागा नाही.

आता १८२६ सालाकडे वळू. त्या वर्षी पावसाने सुरुवातीलाच ओढ दिली. भेगा मिटल्या नाहीत. दरवर्षी जे उंदीर गाडले जावयाचे ते जगले, व्याले, आणि पाहता पाहता शिवारे त्यांनी भरून गेली. पेरलेले बी उगवण्यापूर्वीच उकरले गेले. जे पीक वाचले त्याच्या ताटांवर चढून त्यांनी दाणे भरू लागलेली कणसे तोडून खाली पाडली. शेतेच्या शेते उजाड झालेली इलियटने स्वतः पाहिली, आणि महसूल खात्याच्या माणसाला साजेशी एक नोंद त्याने केली : शेतकऱ्यांना सारा भरणे अशक्य झाले. पुढची नोंद अधिक महत्त्वाची आहे. गावकऱ्यांनी उंदीर मारण्यासाठी वडारांस लावले. अमुक डझन उंदरांस अमुक माप धान्य, असा दर ठरला. हजारोंनी उंदीर मारले गेले. संख्येत मात्र डोळ्यांना जाणवेल अशी घट झाली नाही.

वडार आपल्या कामात कमी पडले असे मुळीच नव्हे. त्यांच्याइतके जाणते त्या काळी कोणीच नव्हते. मग मेहनत वाया का गेली? साधा हिशेब मांडून पाहू. समजा, एका जोडीला एका तिमाहीत सहा पिले होतात आणि पुढच्या तिमाहीत तीही प्रजननास लागतात. म्हणजे दर तीन महिन्यांस संख्या चौपट. दोनाचे आठ, आठाचे बत्तीस, बत्तीसाचे एकशे अठ्ठावीस आणि वर्षाखेर पाचशे बारा. हा हिशेब कागदावरचा आहे. घुबड, साप, रोग, पाऊस आणि अन्नाची टंचाई यांमुळे प्रत्यक्षात तो कधीच पुरा होत नाही, हे माल्थसने १७९८ सालीच माणसांच्या बाबतीत सांगून ठेवले आहे. परंतु चक्रवाढीचे मर्म त्यातून कळते. पाचशे बारांपैकी निम्मे, म्हणजे दोनशे छप्पन्न उंदीर मोठ्या कष्टाने मारले, तरी तिमाही चौपटीच्या वेगाने तो खड्डा दीड महिन्यात भरून निघतो. उलट, जेव्हा शिवारात आठच उरलेले असतात तेव्हा त्यांतील सहा मारले, तर वर्षाचा सारा हिशेबच बदलतो. दोनशे छप्पन्न मारण्यापेक्षा सहा मारणे अधिक फलदायी ठरते, ते केवळ वेळेमुळे. १८२६ मध्ये मारण्यास सुरुवात झाली तीच मुळी उंदीर डोळ्यांत भरल्यावर. आपण आजही तेव्हाच करतो.

मेलेल्या उंदरांची संख्या हेच यशाचे माप मानले, की आणखी एक अनर्थ होतो. १९०२ साली व्हिएतनामातील हनोई शहरात फ्रेंच सरकारने प्लेगच्या भीतीने प्रत्येक उंदराच्या शेपटीमागे बक्षीस लावले. शेपट्यांचा पाऊस पडला. मग अधिकाऱ्यांना शेपूट नसलेले जिवंत उंदीर रस्त्यावर फिरताना दिसू लागले. लोक शेपूट कापून उंदीर पिले घालण्यासाठी सोडून देत होते, आणि शहराबाहेर काहींनी उंदीर पाळण्यासही आरंभ केला होता. बक्षीस बंद करावे लागले. वर्गात प्रलोभनांविषयी शिकविताना हे उदाहरण सांगितले, की विद्यार्थी हसतात. मुंबई महानगरपालिकेत रात्री काठी आणि विजेरी घेऊन उंदीर मारणारे कामगार आहेत. एका रात्रीत तीस उंदीर मारण्याचे बंधन त्यांच्यावर घातलेले होते. तिसावा उंदीर मिळेपर्यंत घरी न जाता येणे ही नोकरी कशी असेल, याची कल्पना कचेरीत बसणाऱ्यांनी करून पाहावी. मार्च २०१८ मध्ये तर मंत्रालयातच सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याचे दाखविण्यात आल्याचा आरोप एकनाथ खडसे यांनी विधानसभेत केला. तो आकडा उंदरांचा नसून विषाच्या गोळ्यांचा आहे, असा खुलासा सरकारकडून झाला. खुलासा मान्य केला तरी प्रश्न उरतोच. गोळ्या मोजल्या म्हणजे काय मोजले?

धारवाडच्या त्या शिवारात आणि आजच्या मानवत तालुक्यात एक मोठा फरक आहे, तो पाण्याचा. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पुरे झाले आणि त्याचा डावा कालवा परभणी जिल्ह्यात आला. ज्या शिवारात माघानंतर हिरवे पान दिसत नसे, तेथे बारमाही ऊस उभा राहिला. कालव्याने शेतकऱ्याचे भले केले, यात वाद नाही. परंतु त्याने उंदरांच्या राज्यातही सत्तांतर घडवून आणले. कोरडवाहू काळ्या रानात उन्हाळा हा उंदरांच्या टंचाईचा काळ. अन्न नाही, ओल नाही, सावली नाही. लहान घुशीला हिरवा चारा, ओलसर माती आणि बीळ करण्यास उंच काठ मिळाला, की तिच्या प्रजननाला हंगामाचे बंधन फारसे राहत नाही. उसाचा फड, पाटाचा काठ, रुंद बांध या तिन्ही गोष्टी आपण तिला पुरविल्या. ती पोहण्यातही पटाईत असल्यामुळे पाणी हा तिला अडसर नाही. उलट माळ मोडून शेते झाली, तसतसा झुबकेदार शेपटीचा माळउंदीर मागे सरला. मृगाच्या पावसात भेगा मिटणे हा जो जुना लगाम होता, तोही ओलिताच्या जमिनीत, जेथे भेगा पडतच नाहीत, तेथे सैल झाला. आजोबांच्या शेतातील उंदीर आणि नातवाच्या शेतातील उंदीर यांत असा फरक पडलेला असताना दोघांवर उपाय मात्र एकच, दुकानातील पुडी.

त्या पुडीविषयी. बाजारात तिला 'उंदराचे औषध' म्हणतात, हा भाषेचा एक क्रूर विनोद म्हणावा लागेल. बहुतेक वेळा त्या काळ्या भुकटीत झिंक फॉस्फाइड असते. ते तत्काळ मारते, आणि तोच त्याचा दोष. उंदीर नव्या खाद्याविषयी मुळात संशयी. आधी तो किंचित चाखतो. तेवढ्याने पोटात कळ आली, तर पुन्हा त्या खाद्याच्या वाटेस जात नाही. म्हणून दोन-तीन दिवस बिनविषारी भरडा ठेवून त्याची भीड मोडावी आणि मग एकदाच विष घालावे, अशी शिफारस तज्ज्ञ करतात. घाईतल्या शेतकऱ्याला तेवढा धीर नसतो. तो पहिल्याच रात्री विष ठेवतो, दोन उंदीर मरतात, वीस शहाणे होतात. रक्त गोठू न देणारी ब्रोमॅडिओलोनसारखी विषे सावकाश काम करीत असल्यामुळे हा संशय येत नाही, परंतु विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात गेला म्हणजे विषही त्याबरोबर जाते. शिवाय शेतघराच्या कोनाड्यात ठेवलेली पुडी नापिकीच्या वर्षी कोणाच्या हाती लागते, हे मराठवाड्यातील वर्तमानपत्रांच्या वाचकांस सांगावयास नको.

आणि घुबड हा या व्यवहारातील बिनपगारी नोकर आहे. पुण्याच्या इला फाउंडेशनचे डॉ. सतीश पांडे आणि त्यांचे सहकारी यांनी शृंगी घुबडाने ओकून टाकलेल्या गोळ्यांतील हाडे व केस तपासून त्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्यात शेतीला उपद्रवी असलेल्या उंदीर-घुशींचा वाटा मोठा असल्याचे दिसून आले. गव्हाणी घुबड आणि पिंगळा यांचेही तेच. घुबडाला आपण अशुभ मानतो, अमावास्येच्या नावाने त्याचा बळी देणारेही आहेत. बिळात शिरून पिलांसकट कुटुंब फस्त करणारी धामण, जी पूर्णपणे बिनविषारी आहे, ती दिसताच ठेचली जाते. एवढे करून आपण दुकानात विष घेण्यास जातो.

उंदीर घराजवळ येतो तेव्हा प्रश्न पिकाचा न राहता जिवाचा होतो. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, पुढच्या वर्षी तो पुण्यात पसरला आणि १० मार्च १८९७ रोजी रोग्यांची शुश्रूषा करीत असतानाच सावित्रीबाई फुले त्याला बळी पडल्या, हे सर्वांस ठाऊक आहे. १९९४ मात्र विस्मरणात गेल्यासारखे झाले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात भयाचे वातावरण होते. घरे सोडून लोक बाहेर राहू लागले, घरातील धान्य मात्र आत राहिले. राखण नसलेल्या धान्यावर उंदीर माजले, अशी त्या काळी दिली गेलेली कारणमीमांसा होती. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले, आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडविला. प्रस्तुत लेखक तेव्हा शाळेत होता. तोंडाला रुमाल बांधून वर्गात बसलेली मुले आणि दुकानातून नाहीशी झालेली टेट्रासायक्लीनची गोळी एवढे त्याला स्मरते. या रोगाच्या बाबतीतही 'उंदीर' हा एक शब्द पुरत नाही. घरउंदीर प्लेगने चटकन मरतो, आणि त्याच्या अंगावरील पिसवा मग माणसाकडे वळतात. 'उंदीर पडणे' ही म्हणून तर जुन्या लोकांची धोक्याची सूचना होती. माळावरील झुबकेदार शेपटीचा उंदीर मात्र या रोगाला बराच टिकाव धरतो, आणि म्हणून रोगाचे बीज रानात वर्षानुवर्षे जपून ठेवतो, असे अभ्यासकांचे मत आहे. एक मरून रोग पसरवितो, दुसरा जगून तो सांभाळतो.

उंदरांच्या लोंढ्याने राजकारणही कसे उलथते, याचे उदाहरण मिझोरामचे. तेथील डोंगरांवरील बांबू सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदम फुलतो, बियांचा सडा पडतो, उंदीर बेसुमार वाढतात आणि बिया संपताच भातावर उतरतात. १९५९ साली असे झाले. आसाम सरकारने आगाऊ सूचना मिळूनही ते मनावर घेतले नाही. दुष्काळपीडितांच्या मदतीसाठी उभी राहिलेली लालडेंगा यांची संघटना पुढे राजकीय झाली, १९६६ मध्ये सशस्त्र उठाव झाला आणि समझोत्यास १९८६ साल उजाडले.

उंदरांची ही कुंडली इतकी विस्ताराने मांडण्याचे आणखी एक कारण आहे. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील मिश्रा आणि धांडा यांनी १९७५ साली सिंहगडावरील उंदराच्या एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. गडाच्या जुन्या नावावरून तिला 'मिलार्डिया कोंढाणा' म्हटले गेले. हा कोंढाणा उंदीर आपल्या मेत्तडेचा सख्खा चुलतभाऊ. एकाच्या वाढीने १८२६ साली शेतकऱ्यांचा सारा बुडाला, दुसऱ्याचे नाव आज जगातील संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. त्याचे ज्ञात वसतिस्थान म्हणजे सह्याद्रीतील गडमाथ्यांचा अगदी तोकडा टापू. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काय केले होते? पाचव्या परिशिष्टात उपद्रवी प्राण्यांची यादी देताना 'उंदीर' असे लिहिले होते, जातींचा भेद न करता. शेकरू संरक्षित, आणि कोंढाण्याचा हा दुर्मीळ रहिवासी मात्र कोणीही मारावा असा. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच काढून टाकले. गडावर भजी खाऊन कागद तेथेच टाकणाऱ्या पर्यटकांच्या मागोमाग शहरातील घरउंदीर वर चढतो आणि या मूळ रहिवाशाशी अन्नासाठी स्पर्धा करू लागतो, ही भीती कायद्याने दूर होण्यासारखी नाही.

पिकांच्या बाजूने पाहता उपाय अज्ञात आहेत असे नाही. कृंतकांच्या नियंत्रणासाठी जोधपूर येथील रुक्षभूमी संशोधन संस्थेत केंद्र ठेवून अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९७७ च्या सुमारास सुरू झाला. आमच्या जिल्ह्यात तर १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तज्ज्ञ सांगतात ते थोडक्यात असे : मोहीम पिके उभी असताना नव्हे, तर उन्हाळ्यात, पेरणीपूर्वी करावी. बांध अरुंद व स्वच्छ ठेवावेत. ताजी माती दिसणारी बिळेच मोजावीत व तेथेच उपाय करावा, आणि सर्व गावाने एकाच वेळी करावा. यातील शेवटच्या शब्दांत सगळी अडचण साठलेली आहे. एकट्या शेतकऱ्याने आपली चार एकर साफ केली, तर त्याचा फायदा शेजाऱ्यालाही मिळतो, आणि शेजाऱ्याने काही केले नाही तर चार आठवड्यांत त्याचे उंदीर याच्या मोकळ्या बिळांत येऊन राहतात. खर्च एकाचा आणि लाभ सर्वांचा, अशा गोष्टीवर कोणीही स्वतःहून पुरेसा खर्च करीत नाही. रस्ता, दिवाबत्ती, देवीची लस यांच्याच पंक्तीतला हा प्रश्न आहे. पाटाचा काठ तर कोणा शेतकऱ्याचाच नाही. तो पाटबंधारे खात्याचा. घुशींची सर्वांत सुरक्षित वस्ती त्या सरकारी काठावर असते, आणि तेथे कोणी फिरकत नाही.

म्हणून हा खर्च गावाचा म्हणून व्हावयास हवा. १ मे रोजी महाराष्ट्रदिनी गावोगावी ग्रामसभा भरते. योगायोगाने हीच ती वेळ, जेव्हा कोरडवाहू रान मोकळे असते, उंदीर वर्षातील सर्वांत कमी असतात आणि जे असतात ते उसाच्या फडांत, पाटाच्या काठी, गंजींच्या बुडाशी एकवटलेले असतात. ताज्या मातीची बिळे एका आठवड्यात मोजून होतात. त्यासाठी शाळेतील मुलांची गरज नाही आणि विषाजवळ त्यांना नेऊही नये. ज्यांच्या पूर्वजांनी इलियटला कोक आणि मेत्तडे यांतील फरक दाखविला, त्या समाजातील जाणती माणसे गावात असतील तर त्यांना या कामावर रीतसर रोजाने बोलवावे, डझनावर दर ठरवून नव्हे. ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात त्यासाठी एक ओळ लागेल, आणि काठाच्या साफसफाईसाठी पाटबंधारे खात्यास एक पत्र. ते पत्र एप्रिल संपण्यापूर्वी गेले पाहिजे, कारण उत्तर यावयास महिना लागतो आणि मृग ७ जूनच्या आसपास लागतो.